माझी 'प्रॉपर्टी'

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या 'शेजाऱ्यांचे छंद' या मालिकेत क्लब हाउसमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सांस्कृतिक समितीच्या ताईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्या प्रॉपर्टीबद्दल बोलाल का?" तेव्हा शेजारी उभे असलेले आपले खजिनदार एकदम सावध झाले. सोसायटीत प्रॉपर्टी म्हटलं की कार्पेट एरिया, ट्रान्सफर फी आणि कन्व्हेयन्स डीड. माझी प्रॉपर्टी ती नाही. नाटकवाले रंगमंचावर लागणाऱ्या वस्तूंना प्रॉपर्टी म्हणतात. कंदील, तलवार, टेलिफोन, पानाचा डबा. सिनेमावाले त्यालाच प्रॉप म्हणतात. मी विज्ञानकथांच्या सिनेमात अंतराळवीरांच्या हातात असतात तसल्या बंदुका घरी बनवतो. पूर्वी खोट्या, म्हणजे मॉडेल बंदुका जमवायचो आणि त्यांचं रूपांतर करायचो. आता वेगळ्या वस्तूंपासून बनवतो. पूर्वीचं आता का झालं, ते सांगण्यासाठीच मुख्यतः मी उभा आहे.

समोरच्या टेबलावर सात वस्तू आहेत. त्यांच्यावर चादर मी मुद्दाम घातली आहे. छोट्या मंडळींनी जरा धीर धरावा.

याची सुरुवात जपानमध्ये झाली. १९९५ ते २००३ अशी आठ वर्षं मी नोकरीनिमित्त टोकियोत होतो. तिथं उएनो स्टेशनला लागून अमेयोको नावाचा बाजार आहे. आपली मंडई, तुळशीबाग आणि जुना बाजार एकत्र करून रेल्वेच्या पुलाखाली दाटीवाटीनं बसवले तर जसं होईल तसा. सुकी मासळी, चहा, घड्याळं, सैन्यातले जुने कोट. एका रविवारी सुक्या मासळीच्या दुकानापासून थोडं पुढे गेलो आणि एका काचेमागे पिस्तुलं मांडलेली दिसली. पन्नास तरी असतील. मी दोन पावलं मागेच सरलो. ज्या देशात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगताच येत नाही, तिथं हे भर बाजारात कसं?

ती मॉडेल गन होती. जपानी लोक 'मोडेरुगन' म्हणतात. आपल्याला समजावून सांगायचं तर दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा हा अतिशय हुशार थोरला भाऊ. आपल्या टिकल्यांच्या पिस्तुलात एक घोडा आणि एक स्प्रिंग. मॉडेल गनमध्ये आतली सगळी यंत्रणा खऱ्यासारखी. मॅगझिन भरायचं, खोट्या काडतुसात टिकली बसवायची, चाप ओढला की फट् आवाज, थोडा धूर आणि रिकामं काडतूस उडून बाहेर. फक्त नळीतून काही म्हणजे काही सुटत नाही. ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे गोळे उडवणारी एअरसॉफ्ट वेगळी, तिचे शौकीन वेगळे. मॉडेल गनवाला माणूस काही मारत नाही. तो पिस्तूल उघडतो, पुसतो, परत जोडतो. आपले काही काका रविवारी स्कूटरचं करायचे तसं.

त्या काचेमागे एका कोपऱ्यात सोनेरी पिस्तुलं होती. झगझगीत सोनेरी. लग्नात नवऱ्याच्या मामानं कमरेला लावून मिरवावं तशी. मला हसू आलं. दुकानदारानं कारण सांगितलं. १९७१ साली जपानमध्ये कायदा झाला की धातूचं खोटं पिस्तूल पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचंच असलं पाहिजे आणि त्याची नळी बुजवलेली असली पाहिजे. कारखानदारांनी पिवळ्याचा अर्थ सोनेरी असा लावला! १९७७ साली नियम आणखी कडक झाले. ते पिस्तूल फेरफार करून खरं बनवता येऊ नये म्हणून धातू किती कठीण असावा, रचना कशी असावी हे ठरलं, आणि नियम पाळून केलेल्या मालावर एसएमजी अशी खूण येऊ लागली. प्लास्टिकच्या पिस्तुलांना मात्र रंगाचं बंधन नव्हतं, म्हणून ती काळी.

मला तेव्हा तो सोनेरी रंगाचा नियम अगदी बाळबोध वाटला होता. एवढं हुबेहूब काम करायचं आणि वर मुलामा चढवून त्याचा विचका करायचा. मी काळी प्लास्टिकची घेतली. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझी पहिली खरेदी म्हणजे मारुशिन कंपनीचं माउझर, एम ७१२. तेही तयार नाही. खोक्यात सुटे भाग होते, ते कानशीनं घासून आपण जोडायचे. माउझर हे नाव इथल्या ज्येष्ठांना परकं नाही. १८९६ पासून जर्मनीत बनलेलं, झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ असलेलं, मॅगझिन चापाच्या पुढे असलेलं ते पिस्तूल. १८९८ साली सुदानच्या ओमदुरमानच्या लढाईत तरुण चर्चिलच्या हातात ते होतं. आणि २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रोडा कंपनीचा माल गोदीतून गोदामाकडे जात असताना क्रांतिकारकांनी त्यातली ५० माउझर आणि ४६,००० काडतुसं बैलगाडीतून पळवली, तीही हीच. १९२५ साली काकोरीलाही माउझर होती. मी कामगाराच्या घरातला इंजिनिअर. माझ्या हातात पहिल्यांदा माउझरचे सुटे भाग आले तेव्हा मला इतिहासापेक्षा त्याच्या जोडणीनं वेड लावलं. मूळ माउझरच्या आत स्क्रू नाही. मुठीवरच्या लाकडी पट्ट्यांचा एक स्क्रू सोडला तर सगळे भाग एकमेकांत अडकून बसतात. एक चुकीचा बसला तर पुढचा बसणारच नाही. पहिल्यांदा जोडायला मला तीन रविवार लागले. आमच्या सौ. तेव्हा म्हणाल्या होत्या, "एवढ्या वेळात कपाट झालं असतं." त्यांचं ते म्हणणं आजही कायम आहे.

आठ वर्षांत माझ्याकडे १४ मॉडेल गन झाल्या. आमची टोकियोतली खोली साधारण या स्टेजएवढी. १४ खोकी म्हणजे केवढी जागा, विचार करा.

आता त्यांचं अंतराळात काय काम? हा किस्सा मला फार आवडतो. १९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत 'स्टार वॉर्स'चं चित्रीकरण चाललं होतं. अंतराळातल्या बंदुका हव्या होत्या आणि पैसे बेताचे होते. सेट सजवणारा रॉजर ख्रिश्चन हा माणूस बाप्टी नावाच्या कंपनीत गेला. ही कंपनी सिनेमांना शस्त्रं भाड्यानं देते. तिथल्या खऱ्या जुन्या बंदुका त्यानं घेतल्या आणि त्यांच्यावर भंगार चिकटवलं. हान सोलो या नायकाचं ब्लास्टर म्हणजे आपलं माउझर. त्याच्यावर जुनी जर्मन दुर्बीण, नळीच्या तोंडाशी विमानावरच्या जर्मन मशीनगनचा शंकूसारखा भाग आणि बाजूला काही बिनकामाचे तुकडे. पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातात आहे ती स्टर्लिंग सबमशीनगन. ही तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे! कानपूरच्या कारखान्यात हीच बंदूक 'कार्बाइन १ए' म्हणून बनत आली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं लटकली. तिच्या भोकांच्या नळीवर ख्रिश्चननं टी आकाराच्या साध्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवल्या, वर एक दुर्बीण लावली, झाली अंतराळातली.

पण सगळ्यात गाजलेली वस्तू बंदुकीतून आलेलीच नाही. ती प्रकाशाची तलवार आहे ना, लाइटसेबर, तिची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी. १९४० च्या सुमाराला वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर वापरायचे ती, आत बॅटरीचे सेल घालायची. ख्रिश्चनला ती लंडनच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात जुन्या खोक्यात मिळाली. तिच्यावर त्यानं त्याच टी पट्ट्या लावल्या आणि कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर असते ती भिंगाची छोटी पट्टी बसवली. त्या सिनेमाच्या कलादिग्दर्शनाला ऑस्कर मिळालं आणि त्यात ख्रिश्चनचाही वाटा होता. या चिकटवलेल्या निरर्थक तुकड्यांना त्या धंद्यात ग्रीबली म्हणतात. काही करत नाहीत, पण काहीतरी करत असावेत असं वाटायला लावतात. सोसायटीच्या काही उपसमित्यांसारखे. (माफ करा. पाणी समितीला उद्देशून नाही.)

आणखी एक गंमत. ती भाड्याची हत्यारं होती, त्यामुळे चित्रीकरण संपल्यावर भंगार काढून बंदुका परत गेल्या. हान सोलोचं माउझर त्याआधी १९६७ च्या 'द नेकेड रनर' या चित्रपटात साधं पिस्तूल म्हणून वापरलं गेलं होतं. 'स्टार वॉर्स'नंतर ते पुन्हा साधं पिस्तूल झालं. पुढे बाप्टीनं त्याच्यावर ते भाग परत बसवले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ते १०,५७,५०० डॉलरला गेलं. म्हणजे ती एकच वस्तू बंदूक, मग प्रॉप, मग बंदूक, मग पुन्हा प्रॉप. फरक पडला तो दुर्बीण, शंकू आणि चार तुकड्यांचा.

हे वाचल्यावर मी माझ्या माउझरचं तेच केलं. मॉडेलच्या दुकानातून रणगाड्याच्या, विमानाच्या किटमधले उरलेले तुकडे घ्यायचे आणि अरल्डाइटनं चिकटवायचे. दुसरं 'ब्लेड रनर'मधल्या नायकाचं पिस्तूल. १९८२ चा सिनेमा, जपानमध्ये त्याचं वेड प्रचंड. ते मूळ प्रॉप दोन हत्यारं एकमेकांत बसवून केलेलं: चार्टर आर्म्सचं बुलडॉग रिव्हॉल्व्हर आणि ऑस्ट्रियन स्टायर रायफलची मधली यंत्रणा. मी ते दोन प्लास्टिकच्या मॉडेलांतून केलं. टोकियोत तेव्हा वर्षातून दोनदा वंडर फेस्टिव्हल नावाची जत्रा भरायची. हौशी माणसं घरी ओतलेली मॉडेलं तिथं विकतात. ज्यांच्या मालकीची ती पात्रं किंवा यंत्रं, त्या कंपन्या फक्त त्या एका दिवसापुरती परवानगी देतात. दुसऱ्या दिवशी तेच विकलं तर गुन्हा. मी तिथं विकत कधीच काही नाही, पण ग्रीबलींची पाकिटं विकत घेत फिरायचो.

२००३ मध्ये परत यायचं ठरलं तेव्हा एकही मॉडेल गन आणली नाही. दोन्ही विमानतळांवर कोणाकोणाला आणि कोणत्या भाषेत समजावणार? सगळी उएनोच्या त्याच दुकानदाराला परत विकली. त्यानं रूपांतरित झालेल्यांना जास्त पैसे दिले, याचा मला अजून अभिमान आहे. मी आणलं काय, तर एक बूट-खोका भरून ग्रीबली, कानशी आणि रंगवण्याचे ब्रश.

इथं आल्यावर हात शिवशिवायला लागले. मॉडेल गन नव्हती. मग मी माउझर लाकडातून घडवायचं ठरवलं. जपानमधली मापं वहीत होती. सागवानाचा तुकडा घेतला, दोन हिवाळे खपून कोरला. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, काळा मॅट स्प्रे. आणि शेवटची युक्ती: शिसपेन्सिलीचं टोक घासून पूड करायची आणि ती बोटानं काळ्या रंगावर चोळायची. लाकडाचं पोलाद होतं, अक्षरशः. कडांवर जास्त चोळलं की वर्षानुवर्षं वापरून झिजल्यासारखं दिसतं. माझ्या हातून इतकं चांगलं काम त्याआधी झालं नव्हतं. मी त्याच्यावर लगेच दुर्बीण आणि तुकडे चिकटवायला हवे होते. पण ते इतकं सुंदर झालं होतं की मला ते झाकवेना. दोन महिने ते तसंच माउझर म्हणून ठेवलं.

आता २०१० चा एप्रिल. आठवत असेल, १३ फेब्रुवारीला जर्मन बेकरीत स्फोट झाला होता. आपल्या गेटवर तेव्हाच पहिल्यांदा व्हिजिटर रजिस्टर आलं. बेवारस पिशवी दिसली तरी फोन जात होते. अशा दिवसांत एका शनिवारी दुपारी मी तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत, उजेड चांगला म्हणून, बनियनवर बसून त्या माउझरला पेन्सिलीची पूड चोळत होतो. समोरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? बाल्कनीत बसून एक माणूस पिस्तूल पुसतोय.

तासाभरानं बेल वाजली. मी हात धूत होतो. आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिनं दार उघडलं. बाहेर एक फौजदार आणि दोन शिपाई. फौजदारांनी तिला शांतपणे विचारलं, "बाळा, बाबांकडे पिस्तूल आहे का?" आणि आमच्या मुलीला केवढा आनंद झाला! बाबांनी केलेली वस्तू बघायला कोणीतरी आलं आहे. "हो, थांबा, दाखवते," म्हणून ती आत पळाली आणि माउझर दोन्ही हातांत धरून, नळी पुढे करून, पळत दाराकडे आली.

मी न्हाणीघरातून बाहेर आलो तेव्हा मला तिची पाठ दिसली आणि तिच्यापलीकडे दारातल्या एका शिपायाचा हात कमरेकडे गेलेला दिसला.

काही झालं नाही. तो हात तिथंच थांबला. फौजदार एका गुडघ्यावर खाली बसले आणि म्हणाले, "छान आहे. जमिनीवर ठेव बरं आधी." तिनं ठेवलं. जमिनीवर ठेवल्यावर जो आवाज आला तो लाकडाचा होता. तो आवाज ऐकून त्या शिपायानं श्वास सोडला, तो मला ऐकू आला. दोन सेकंदांचा हा सगळा मामला. मी ओला हात घेऊन तसाच उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

फौजदारांनी ते उचललं, वजन पाहिलं, नखानं रंग खरवडला. रागावले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, "साहेब, हे लाकूड आहे हे मला आत्ता कळलं. माझ्या जागी दुसरा असता आणि अंधार असता तर?" नंतर चहा घेतला. जाताना म्हणाले, "खोटं आहे ना, मग खोटं दिसू द्या की."

नंतर कळलं, गेटवर आपल्या तेव्हाच्या वॉचमनमामांना त्यांनी आधी विचारलं होतं. मामांनी छातीठोक सांगितलं, "सी विंगमधले जपानवाले साहेब? गरीब माणूस आहे हो. कोणाच्या अध्यात ना मध्यात." दहशतवादी पकडल्यावर शेजारी नेमकं हेच सांगतात, त्यामुळे माझ्याबद्दलचा संशय वाढलाच असणार.

त्या रात्री मी झोपलो नाही. उएनोचं ते सोनेरी पिस्तूल डोळ्यांसमोर येत होतं. मी ज्याला हसलो होतो तो कायदा करणाऱ्यांनी नेमका माझ्यासारख्याचाच विचार केला होता. नाही, माझा नाही. माझ्यासमोर दारात उभ्या असलेल्या त्या शिपायाचा. लांबून, घाईत, घाबरलेल्या माणसाला काय दिसतं, एवढाच प्रश्न. नंतर मी वाचत गेलो तेव्हा दिसलं की सगळीकडे फिरून लोक तिथंच आले आहेत. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला नारिंगी रंग लागतो. ब्रिटनमध्ये २००६ चा कायदा १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाला आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका बनवायला, विकायला, आयात करायला बंदी आली. सिनेमा, नाटक, संग्रहालय असे अपवाद ठेवले. म्हणजे ज्या देशात हान सोलोचं ब्लास्टर तयार झालं तिथं.

पुढची कमिटी मीटिंग तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. विषय क्रमांक ६. कोणी म्हणालं, घरात असल्या वस्तू नकोत, असा ठराव करा. कोणी म्हणालं, हा त्यांचा खासगी प्रश्न आहे. मीच उठून सांगितलं की ठराव करू नका, मी थांबतो. चार वर्षं थांबलो. बूट-खोका माळ्यावर गेला. खरं सांगायचं तर मला हाताला काम नसल्यानं फार त्रास झाला. चिडचिड व्हायची. सौ.ना विचारा. त्या काळात घरातले सगळे नळ मी विनाकारण बदलले.

आणि ते माउझर? ते फेकवलं नाही. पण तसं ठेवणंही शक्य नव्हतं. एके दिवशी हॅकसॉ घेऊन मी त्याची नळी कापली. दोन हिवाळ्यांचं काम. कापताना वाईट वाटलं, लपवत नाही. मग सौ.चा बिघडलेला हेअर ड्रायर दिसला. त्याचं तोंड त्या कापलेल्या जागी लावून बघितलं. आणि मंडळी, ते एकदम शोभलं. माझ्या चौदाच्या चौदा मॉडेल गनांपेक्षा ते जास्त अंतराळातलं दिसत होतं. कारण त्यात आता ओळखीची बंदूक शिल्लकच नव्हती. उएनोत आठ वर्षं मी बंदुकीवर भंगार चिकटवत होतो, म्हणजे मुळात बंदूकच दाखवत होतो. ती फ्लॅशची दांडी मला तोपर्यंत नीट समजलीच नव्हती.

२०१४ पासून पुन्हा सुरू केलं, पण बंदुकीपासून नाही. आता माझा कच्चा माल म्हणजे बुधवारी आणि रविवारी भरणारा आपला जुना बाजार आणि बोहरी आळी. मिक्सरच्या भांड्याचं खालचं कपलिंग. प्रेशर कुकरची मूठ, ती हातात फार छान बसते. पीव्हीसीचा कोपरा, गॅसचा नॉब, जुन्या कॅमेऱ्याचं भिंग, टेपरेकॉर्डरची कळ. इस्त्रीची मूठसुद्धा. नियम दोनच ठेवले आहेत. रंग आधी: पांढरा, पिवळा, नारिंगी, आकाशी. आणि घरात कुठलीही वस्तू एका रात्रीसाठीसुद्धा नुसत्या बंदुकीच्या आकाराची राहता कामा नये.

चकचकीत रंगाची वस्तू खेळण्यासारखी दिसते, अशी तक्रार हौशी लोक करतात. खरं आहे. त्यावर उपाय वेदरिंगचा. पातळ काळा रंग सगळीकडे लावायचा आणि लगेच फडक्यानं पुसायचा, म्हणजे तो फक्त फटींत उरतो. मग ब्रशवर चंदेरी रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा. पेन्सिलीची पूड आताही वापरतो, पण पिवळ्यावर. एसटीच्या बसच्या दाराचा दांडा जसा हाताळून झिजतो, तसं दिसलं पाहिजे. कोणीतरी रोज वापरत आलंय असं.

आता एक गोष्ट, जी सांगायची परवानगी मी घेतली आहे. २०१० चा तो फोन कोणी केला, हे मला बारा वर्षं माहीत नव्हतं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी तीन-चार जणांवर संशय घेऊन बसलो होतो, आणि त्यातल्या एकांशी उगाचच वर्षभर कमी बोललो. ते आज इथं आहेत, त्यांना आता कारण कळलं. २०२२ च्या दिवाळीत बी विंगमधल्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मीच केला होता फोन. नातू खाली खेळत होता माझा." मी म्हटलं, "काकू, बरोबर केलंत." त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. पण पोरगी नळी धरून पळत आली हे मला मागाहून कळलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं." मग आम्ही दोघंही गप्प बसलो. चकली खाल्ली.

काकू दुसऱ्या रांगेत आहेत. त्यांना माझ्या या वस्तू आजही आवडत नाहीत. गेल्या गणपतीत मुलांच्या 'मंगळावर गणपती' या नाटुकल्यासाठी मी पाच बनवल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "पिवळी केली तरी पोरं धरतात तशीच ना." यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून त्या नाटुकल्यात मी त्या पाचही वस्तूंचा चाप काढला आणि लेखिकाबाईंना विनंती केली की मंगळावरच्या लोकांनी त्यातून फुलं उडवावीत. ती उडाली, पण एक प्रमुख पाहुण्यांच्या चष्म्यावर बसलं.

मुलगी आता २३ वर्षांची आहे, बंगळूरला असते. तिला तो दिवस आठवत नाही म्हणते. मला आठवतो.

बरं, आता चादर काढू या. छोट्या मंडळींनी ओळीनं यायचं, ढकलाढकल नको. पहिली कुकरची, दुसरी इस्त्रीची. मधली ती हेअर ड्रायरवाली, तिची मूठ जवळून बघा, ते अजून तेच सागवान आहे. डावीकडून सहावी उचलू नका, तिचं अरल्डाइट सकाळीच लावलंय. आणि घरात बंद पडलेला मिक्सर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी सी विंगला एक हाक मारा. विशेषतः जुने, जड, पांढऱ्या भांड्याचे. त्यांचं कपलिंग आता कुठं मिळत नाही.